घरी बनवलेल्या फायबरच्या भागांवर पारदर्शक कोट कुठला मारायचा?



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. होड्या वर ओढून झाल्या, इंजिनं उतरवली, आता डागडुजीचे दिवस. पूर्वी या दिवसांत किनाऱ्यावर काजूच्या टरफलांच्या तेलाचा वास यायचा, आता रेझिनचा येतो. इंजिनाचं झाकण, बर्फाच्या पेटीचं झाकण, बॅटरीची पेटी, फिशफाइंडर बसवायची चौकट, वल्ह्यावर आणि सुकाणूवर फायबरचा थर, अशी कामं आपल्यातले कितीतरी जण आता घरच्या पडवीतच करतात. चांगली गोष्ट आहे. पैसे वाचतात आणि हातात कला येते.

काम झालं की मग कार्यालयात प्रश्न येतो, "वरून चकचकीत आणि आरपार दिसेल असं काय मारू?" दुकानात विचारलं तर दुकानदार त्याच्याकडे जो डबा पडून आहे तोच पुढे करतो. कोणी लाकडाचं वॉर्निश मारतो, कोणी गाडीचा क्लिअर, कोणी उरलेलं रेझिनच पुन्हा एकदा फिरवतो. दोन पावसाळे जाईपर्यंत कुणाचं पिवळं पडतं, कुणाचं चिकट राहतं, कुणाचे पापुद्रे निघतात. या प्रश्नाला एका डब्याचं नाव हे उत्तर नाही. आत कुठलं रेझिन आहे, भाग उन्हात किती राहणार, पाण्याखाली जाणार का आणि हवा कशी आहे, यावर सगळं ठरतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक स्पष्ट सांगायला हवं. बहुतेक भागांना पारदर्शक कोट लागतच नाही, रंग मारलेला बरा. फायबरमधल्या काचेला ऊन काही करत नाही. ऊन खातं ते रेझिन. सूर्याच्या अतिनील किरणांनी रेझिन आधी पिवळं पडतं, मग त्याची चमक जाते, मग हात फिरवला की पांढरी भुकटी लागते आणि शेवटी काचेचे धागे उघडे पडून अंगाला खाज सुटते. पांढऱ्या किंवा निळ्या रंगात जी पूड असते ती हे किरण वरच्या वर अडवते. पारदर्शक कोटात पूड नाही, म्हणून ऊन सरळ आत जातं. चांगल्या क्लिअरमध्ये किरण शोषणारं औषध घातलेलं असतं, पण ते दरवर्षी थोडं थोडं संपत जातं. म्हणजे पारदर्शक कोट घेतला की त्याच्यामागे दरवर्षीचं कामही घेतलं असं समजा.

मग पारदर्शक मारायचाच कशाला? काही ठिकाणी त्याला खरंच अर्थ आहे. पहिली जागा म्हणजे आत लाकूड आणि वरून फायबर असलेले भाग, वल्हं, सुकाणूचा दांडा, उलांडीचे आडवे दांडे. स्क्रूच्या भोकातून किंवा कडेच्या बारीक चिरेतून पाणी आत शिरलं की लाकूड काळं पडायला लागतं. वरचा कोट पारदर्शक असेल तर तो काळा डाग बोटाएवढा असतानाच दिसतो. रंगाखाली तोच डाग हातभर पसरला तरी कळत नाही आणि मग एक दिवस नदीच्या मुखावर लाट अंगावर घेताना दांडा हातात राहतो आणि पातं पाण्यात जातं. अशा वेळी होडीत कोण बसलेलं असतं ते आपल्याला माहीत आहे, आपलीच माणसं. त्यामुळे सुकाणूवर पारदर्शक कोट ही हौस नाही, तपासणीची खिडकी आहे.

दुसरी जागा म्हणजे ज्या फायबरच्या भागावर जोर येतो तो. काचेच्या फायबरला मार बसला किंवा तो जास्त वाकला की आतून पांढुरक्या रेघा उमटतात. पारदर्शक असेल तर त्या दिसतात. खणावरचं झाकण पातळ आणि पारदर्शक ठेवलं तर आत थोडा उजेडही येतो, तोही एक उपयोग. बाकी काळ्या कार्बनच्या कापडाची विणकाम दिसणारी पेटी हल्ली पोरांना फार आवडते. ती शुद्ध हौस, पण हौसेला मोल नाही म्हणतात. कार्बनबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, ते वाचल्याशिवाय कापड मागवू नका.

आता कोट निवडण्याआधी एक गोष्ट पक्की करा. आत पॉलिएस्टर आहे की इपॉक्सी? आपल्याकडे साधं 'फायबरचं रेझिन' म्हणून डब्यातून मिळतं ते बहुतेक वेळा पॉलिएस्टर. त्याला उग्र वास असतो, आणि हार्डनर घालायचा तो अगदी थोडा, १०० ग्रॅमला साधारण १ ते २ ग्रॅम. इपॉक्सीला वास कमी आणि त्याचा हार्डनर भरपूर लागतो, रेझिनच्या निम्मा, तिसरा किंवा चौथा हिस्सा, कंपनीप्रमाणे. एवढं आठवलं तरी ओळखता येतं. दोघांमधला नियम असा, की नीट घासलेल्या, पक्क्या झालेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी उत्तम धरतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा पॉलिएस्टरचा जेलकोट भरवशाचा बसत नाही. इपॉक्सीच्या हार्डनरचा अंश पॉलिएस्टरला पूर्ण पक्कं होऊ देत नाही, मध्ये चिकट पापुद्रा राहतो, आणि तो पुढे सोलून निघतो. तेव्हा सुकाणू इपॉक्सीने मढवलं असेल तर वरून पारदर्शक जेलकोट मारण्याचा विचार सोडून द्या.

'उरलेलं रेझिनच वरून फिरवतो' हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा उपाय. साधं पॉलिएस्टर रेझिन हे कापडं आणि मॅट एकमेकांना चिकटवण्यासाठी आहे. उघड्या हवेत त्याचा वरचा थर पक्का होत नाही, कारण हवेतला ऑक्सिजन ती क्रिया अडवतो. म्हणूनच पुढचा थर त्यावर छान चिकटतो, आणि म्हणूनच तोच शेवटचा थर ठेवला तर झाकण दिवसेंदिवस बोटाला चिकटत राहतं, धूळ धरतं. काही जण ते सुकावं म्हणून हार्डनर वाढवतात. त्याने चिकटपणा जात नाही, उलट थर कडक होऊन तडकतो. शेवटच्या थरासाठी स्टायरिनमध्ये विरघळवलेलं मेण मिळतं, ते डब्यावरच्या प्रमाणात घातलं की मेण वर तरंगून हवा बंद करतं आणि पृष्ठभाग कोरडा होतो. पण मेण घातलेल्या थरावर पुढे काहीही मारायचं असेल तर आधी तो खरवडून घासलाच पाहिजे. झाकण सपाट असेल तर आणखी साधी युक्ती आहे. ओल्या थरावर जाड पॉलिएस्टर फिल्म अंथरायची, रोलरने फुगे बाहेर काढायचे, आणि पक्कं झालं की सोलून काढायची. काचेसारखा पृष्ठभाग मिळतो. तरीही हे रेझिन उन्हाला टिकणारं नाही. आतल्या बाजूला, सावलीतल्या भागाला चालेल, डेकवरच्या भागाला नाही.

पारदर्शक जेलकोट ही त्याच्या पुढची पायरी. पॉलिएस्टरच्या भागाला, आणि तोही साचा काढून बनवत असाल तर, हा नैसर्गिक पर्याय. साच्याला मेण लावायचं, त्यावर आधी जेलकोट, तो बोटाला लागेल पण बोटावर येणार नाही इतका झाला की मागून मॅट आणि रेझिन. जाडी ओली असताना अर्धा मिलिमीटर धरायची. त्यापेक्षा पातळ झाला तर मागच्या रेझिनमधलं स्टायरिन त्याला खाऊन सुरकुत्या पाडतं, मगरीच्या कातडीसारख्या. फार जाड झाला तर तडकतो. अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबाने एक चौरस मीटरला अर्धा लिटर लागतो, ब्रशला आणि डब्याला चिकटतो तो वेगळा. घेताना आयसोफ्थॅलिक प्रकारचा मागा, साध्यापेक्षा पाण्याला जास्त टिकतो. पण कितीही चांगला घेतला तरी पारदर्शक जेलकोट हा त्याच कंपनीच्या पांढऱ्या जेलकोटपेक्षा उन्हात कमीच टिकणार, कारण वर सांगितलंच. आणि होडीच्या पाण्याखालच्या भागाला तो मारू नका. कायम पाण्यात उभ्या राहणाऱ्या होडीला त्यातून पाणी झिरपून फोड येऊ शकतात.

इपॉक्सीचा कोट दिसायला सगळ्यात देखणा. लाकडावर मारला की लाकडाचा रंग उठून येतो, आणि पाणी अडवण्यात त्याच्या जवळपास जाणारं सहज मिळणारं दुसरं काही नाही. वल्ह्याला, सुकाणूला, लाकडावरच्या कापडाला आम्ही इपॉक्सीच सुचवतो. पण इपॉक्सी हा शेवटचा कोट नव्हे. उन्हाची त्याला अजिबात सहनशक्ती नाही. उघड्यावर ठेवलेलं इपॉक्सी पिवळं पडतं आणि भुकटी होतं, पॉलिएस्टरपेक्षाही लवकर. त्याच्या वर उन्हाची छत्री धरणारा दुसरा कोट हवाच. हल्ली टेबल आणि शोभेच्या वस्तू बनवायला 'काचेसारखं स्वच्छ' म्हणून इपॉक्सी मिळतं, मोबाइलवर जाहिराती येतात. ते घराच्या आत ठेवायच्या वस्तूंसाठी आहे. त्यातली बरीचशी रेझिनं उन्हात तापली की मऊ पडतात, नखाने खूण उमटते. होडीसाठी घेऊ नका.

मग छत्री कुठली? दोन पर्याय आहेत.

तेलाचं मरीन वॉर्निश हा जुना पर्याय. एकाच डब्यात येतं, ब्रशने लागतं, थोडं लवचीक असतं म्हणून लाकूड हललं तरी तडकत नाही, आणि खराब झालं तर घासून पुन्हा मारणं सोपं. पातळ पातळ चार ते सहा हात लागतात, पहिला हात थिनर घालून. आपल्या उन्हात त्याला दर पावसाळ्यात एक-दोन हात द्यावे लागतात. घेताना फर्निचरचं वॉर्निश गळ्यात मारून घेऊ नका. मेलामाइन आणि लॅकर हे घरातल्या कपाटांचे कोट आहेत, खाऱ्या वाऱ्यात त्यांचं काही खरं नाही. डब्यावर बाहेरच्या वापरासाठी आणि अतिनील किरणांपासून संरक्षण, असं लिहिलेलं पाहिजे.

दुसरा पर्याय दोन डब्यांचा पीयू क्लिअर, म्हणजे पॉलियुरेथेन. कठीण, चकचकीत, डिझेल सांडलं तरी बिघडत नाही, आणि उन्हात वॉर्निशपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. इथे एक शब्द लक्षात ठेवायचा, अ‍ॅलिफॅटिक. पीयू दोन जातीचे असतात. अ‍ॅरोमॅटिक जातीचा स्वस्त असतो, घरातल्या लाकडाला चालतो, पण उन्हात पिवळा पडतो. बाहेरच्या कामाला अ‍ॅलिफॅटिकच हवा. गाडीच्या रंगाच्या दुकानातला दोन डब्यांचा अ‍ॅक्रिलिक पीयू क्लिअर बहुधा याच जातीचा असतो, तरी विचारून घ्या. स्प्रेच्या डबीतून येणारा एक डब्याचा क्लिअर मात्र अगदी पातळ असतो. फिशफाइंडरच्या चौकटीला एखाद्या मोसमापुरता ठीक, त्यापलीकडे नाही. किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. सुकल्यावर ५० मायक्रॉन जाडी हवी आणि डब्यातला निम्मा भाग उडून जाणारा असेल, तर एका चौरस मीटरला एका हाताला १०० मिलिलिटर. तीन हात म्हणजे ३००. एका सुकाणूसाठी चार लिटरचा डबा विकत घेण्यात शहाणपण नाही, दोघा-तिघांनी मिळून घ्या. मात्र एकदा उघडलेला पीयूचा हार्डनर फार दिवस ठेवता येत नाही, हवेतला ओलावा पिऊन तो डब्यातच घट्ट होतो. एकाच आठवड्यात सगळ्यांचं काम उरका.

आमचं मत विचाराल तर असं, लाकडावर इपॉक्सी आणि त्यावर पीयू. ज्याला ब्रशचा हात नाही किंवा पुढे सांगितलेली काळजी घेता येणार नाही, त्याने पीयूऐवजी मरीन वॉर्निश. पॉलिएस्टरचा साच्यातला भाग असेल तर पारदर्शक जेलकोट, आणि जुना झाल्यावर त्यावर पीयू.

आता खरा अडथळा. आपल्याला मोकळा वेळ मिळतो तो जून-जुलैत, आणि या कोटांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे ओलावा, तोही याच दिवसांत. जुलैत आपल्याकडे हवेतला ओलावा ८५-९० टक्क्यांवर जातो. पीयूचा हार्डनर पाण्याशी मिळाला की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. सोड्याच्या बाटलीतला तोच वायू. तो कोटात अडकून बारीक फुगे आणि सुया टोचल्यासारखी भोकं पडतात, चमक मरते. इपॉक्सीला ओलाव्यात वर मेणचट, घामट थर येतो. जेलकोट गार हवेत रेंगाळतो.

रंगकामातला नियम आहे, की पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा, नाहीतर डोळ्याला न दिसणारं दव कोटाखाली अडकतं. हवा २७ अंश आणि ओलावा ९० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर असतो. म्हणजे फरक दोनच अंशांचा. काम करायचं नाही. तीच हवा बंद खोलीत ३२ अंशांपर्यंत तापवली तर ओलावा ६७ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि दवबिंदू तिथेच राहतो, म्हणजे फरक सात अंशांचा. एवढ्यावर काम छान होतं. म्हणून पावसाची उघडीप बघा, दुपारी अकरा ते तीनच्या मध्ये कोट मारा, संध्याकाळी कधीच नको, कारण रात्री गारवा पडायच्या आत कोट सुकायला हवा. खोली आणि भाग आदल्या रात्रीपासून दिव्यांनी उबदार करा. पण डबे उघडायच्या आधी हॅलोजन, शेगडी, तारेचा हीटर, सगळं बंद. थिनरची आणि स्टायरिनची वाफ पेट घेते. तापमान आणि ओलावा दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ बाजारात मिळतं, संस्थेनेही एक घेऊन ठेवलं आहे, ज्याला हवं त्याने एक दिवसासाठी न्यावं आणि परत आणावं (हे परत आणण्याचं मुद्दाम लिहिलं आहे). जमत असेल तर कापड आणि इपॉक्सीचं काम जूनमध्ये करून ठेवा आणि वरचा पीयू पाऊस ओसरल्यावर, चवथीनंतर मारा. तोवर त्या भागावर ताडपत्री टाकून सावलीत ठेवा, दोन महिन्यांत काही बिघडत नाही.

कोट बिघडतो तो बहुतेक वेळा डब्यामुळे नाही, खालच्या तयारीमुळे. इपॉक्सीवरचा तो मेणचट थर पाण्यात विरघळतो, थिनरमध्ये नीट विरघळत नाही. म्हणून आधी साधं पाणी आणि भांड्याची हिरवी घासणी, दोनदा घासून धुवा, पुसा, वाळवा, आणि मगच पॉलिशपेपर. आधी पेपर मारला तर तो थर खरवड्यांमध्ये दाबला जातो आणि वरचं वॉर्निश आठवडाभर ओलंच राहतं. इपॉक्सी मारल्यापासून निदान सात दिवस थांबा. मग १२० नंबरचा पेपर, मग २२०, शेवटी ३२०. कुठेही चमकता ठिपका राहता कामा नये, चमकता ठिपका म्हणजे तिथे कोट धरणार नाही. पीयूच्या दोन हातांमध्ये किती तास चालतात ते डब्यावर लिहिलेलं असतं, ती वेळ उलटली तर पुन्हा ३२०ने हलकं घासा.

पारदर्शक कोट काही लपवत नाही हेही ध्यानात घ्या. रंगाच्या खाली लांबी भरून सगळं झाकता येतं, इथे लांबी दिसणार. कापडात राहिलेला हवेचा फुगा, कोरडी पांढरी जागा, अडकलेला केस, सगळं काचेखाली ठेवल्यासारखं दिसतं. बारीक भोकं असतील तर पारदर्शक इपॉक्सी प्लास्टिकच्या पट्टीने दाबून ओढा. आणि मॅटपेक्षा विणलेलं कापड वापरा. मॅटचे धागे जोडून ठेवणारा गोंद स्टायरिनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नसतं, म्हणून साध्या मॅटवर इपॉक्सी मारलं की ती पांढुरकी राहते.

एक बारीक गोष्ट. इंजिनाला मारायचा सिलिकॉनचा स्प्रे किंवा चमकवायचं पॉलिश त्या जागेजवळ आणू नका. सिलिकॉनचा थेंब असेल तिथून ओला कोट मागे सरकतो आणि गोल गोल खळगे पडतात. रंगारी त्याला माशाचा डोळा म्हणतात. हा मासा आपल्या कामाचा नाही.

कार्बनचं सांगायचं राहिलं होतं. कार्बन वीज वाहून नेतं. खाऱ्या पाण्यात ते अ‍ॅल्युमिनियमला टेकलं की अ‍ॅल्युमिनियम कुजायला लागतं, भराभर. आउटबोर्ड इंजिनाचं ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमचंच असतं. मध्ये काचेच्या कापडाचा एक थर आणि इपॉक्सी असल्याशिवाय कार्बनचा भाग त्याला लावू नका, आणि बोल्टची भोकंही आतून इपॉक्सीने बंद करा. दुसरं, कार्बनच्या पेटीत जीपीएस ठेवला तर त्याला उपग्रहाचा सिग्नल मिळत नाही, काचेच्या फायबरच्या पेटीत मिळतो. रात्री परत येताना हे कळलं तर उपयोग नाही. तिसरं, काळा भाग उन्हात ६०-७० अंशांपर्यंत तापतो आणि साध्या हवेत पक्कं केलेलं पुष्कळसं इपॉक्सी ५०-६० अंशांनाच नरम पडू लागतं. पेटी वाकडी होते, वरच्या चकचकीत कोटात विणकाम उमटून दिसतं. हौस असेल तर सावलीत राहणाऱ्या भागापुरती ठेवा.

बर्फाच्या पेटीच्या आतल्या बाजूला, जिथे मासळी आणि बर्फ टेकतो, तिथे यातलं काहीही मारू नका, जोपर्यंत डब्यावर अन्नाशी संपर्क चालतो असं लिहिलेलं नाही. अर्धवट पक्क्या पॉलिएस्टरचं स्टायरिन मासळीला वास लावतं. एकदा वास आलेल्या पेटीची मासळी लिलावात कशी जाते ते आपल्या बायकांना विचारा, त्यांनाच ती विकायची असते.

आता जिवाचं. पडवीत काम करतो म्हणजे घरात करतो. बाजूच्या खोलीत चूल किंवा गॅस, म्हातारी माणसं, पोरं. पॉलिएस्टरचा पातळ हार्डनर, ज्याला एमईकेपी म्हणतात, त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. चष्मा घालूनच ओता, आणि गेलाच तर लगेच नळाखाली निदान पंधरा मिनिटं डोळा धुवत राहा आणि मग थेट दवाखान्यात. हा हार्डनर पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवायची सवय काही घरांत आहे, ती आजच मोडा. जांभळं कोबाल्ट वेगळं येत असेल तर कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत सरळ कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, नंतर हार्डनर. उरलेलं मिसळलेलं रेझिन डब्यात ढिगाने ठेवलं तर तापून धूर काढतं, पेटूही शकतं. ते पसरट पत्र्यावर ओतून उघड्यावर ठेवा.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ फुफ्फुसात गेली तर काहींना दमा लागतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे थोडासा वास आला तरी छाती भरते. म्हणून घरी पीयू फक्त ब्रशने किंवा रोलरने. स्प्रे गन नाही. मोठा भाग असेल आणि स्प्रेच हवा असेल तर गाड्या रंगवणाऱ्याच्या शेडमध्ये न्या. कापडी मास्क किंवा नाकाला रुमाल बांधून वाफ अडत नाही, कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो. तो नसेल तर दारं-खिडक्या उघडून मोकळ्या हवेत, पोरांना शेजारी पाठवून. ज्याला आधीच दमा आहे त्याने पीयूच्या वाटेला जाऊ नये, वॉर्निश घ्यावं.

कुठलाही डबा पूर्ण भागावर मारण्याआधी वीतभर तुकड्यावर मारून बघा. तुकडा त्याच रेझिनचा, त्याच तयारीचा. सात दिवसांनी त्यावर ब्लेडने बारीक चौकड्या ओढा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकटी पट्टीबरोबर निघाल्या तर तयारी चुकली. तुकड्याचा अर्धा भाग काळ्या टेपने झाकून छपरावर ठेवलात तर पुढच्या मोसमात टेप काढून दोन्ही अर्धे शेजारी शेजारी बघता येतील. असे काही तुकडे आम्ही कार्यालयाच्या पत्र्यावर ठेवले आहेत, त्यांच्या मागे कोट आणि तारीख लिहिली आहे. येऊन बघा, हात लावून बघा.

वर्षातून एकदा, होडी वर ओढल्यावर, गोड्या पाण्याने धुवून कोट बघून घ्या. चमक गेली असेल पण पांढरी भुकटी नसेल तर ३२०ने घासून एक-दोन हात पुरेत. भुकटी लागत असेल तर ती पूर्ण जाईपर्यंत घासा. लाकूड काळं दिसलं तर वरून कोट मारून झाकू नका. तो भाग उघडा करा, लाकूड वाळू द्या, सुरी टोचून बघा. सुरी आत गेली तर तो दांडा बदला.

या मोसमात ज्यांना अ‍ॅलिफॅटिक पीयू एकत्र मागवायचा आहे त्यांनी किती चौरस मीटरचं काम आहे ते मोजून कार्यालयात नाव द्यावं.

– सचिव, संस्थेच्या वतीने